चातुर्मासातील शांतता आणि गणपतीपुळ्याचे लग्न-छायाचित्रकार

आषाढी एकादशीनंतर गणपतीपुळ्यात दोन वेगळी चित्रे एकाच वेळी दिसतात. दर्शनाला आणि पावसाळी सहलीला येणाऱ्यांची वर्दळ शनिवार-रविवारी कायम असते. लग्नाची कामे मात्र जवळपास थांबलेली असतात. हॉटेलांच्या हिरवळी रिकाम्या होतात, मंगल कार्यालयांना कुलपे लागतात आणि लग्नांच्या छायाचित्रणावर वर्षभराचे घर चालविणाऱ्यांचे कॅमेरे बुरशीच्या भीतीने सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद होतात. रत्नागिरी तालुक्यातील या गावात आणि मालगुंड, नेवरे, जयगड या परिसरात हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी कार्तिकी एकादशीपर्यंतचा काळ हा बसून काढण्याचा काळ मानला जातो.

या काळात व्यवसायाची जाहिरात करावी का, आणि करावी तर कशी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण गणपतीपुळ्यात होणाऱ्या लग्नांवर खर्च होणारा पैसा गावात किती राहतो आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या चमूंबरोबर किती परत जातो, हे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. मुहूर्त थांबले म्हणजे ग्राहकाचे निर्णयही थांबले, असे स्थानिक व्यावसायिक गृहीत धरतात. प्रत्यक्षात पुढच्या हंगामाची बहुतेक कामे याच पावसात ठरतात. बिगरहंगामी जाहिरातीचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू व्हायला हवा.

पंचांगाने आखलेला ताळेबंद

लग्नाच्या छायाचित्रकाराचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत नाही. ते तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. कार्तिक-मार्गशीर्षातील मुहूर्त झाले की पौष येतो आणि पौषात बहुतेक घरे लग्न टाळतात. माघ-फाल्गुनात पुन्हा कामे मिळतात. खरा भर असतो तो चैत्र ते ज्येष्ठ या काळात. कोकणात त्यातही मे महिना महत्त्वाचा, कारण मुलांच्या शाळांना सुट्टी असते आणि मुंबईचा चाकरमानी गावी आलेला असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाऊस आणि पाठोपाठ चातुर्मास, असा हा क्रम आहे.

हा क्रम दरवर्षी सारखा राहत नाही. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण आल्याने चातुर्मास २९ जून ते २३ नोव्हेंबर असा जवळजवळ पाच महिने लांबला. २०२४ मध्ये ऐन मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र यांचा अस्त असल्याने मुख्य मुहूर्त जवळपास नव्हतेच. २०२६ च्या पंचांगात १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे सुट्टीच्या हंगामाचा उत्तरार्ध त्यात जातो आणि पाठोपाठ पाऊस येतो. चार वर्षांत तीन वेळा पंचांगाने या व्यवसायाच्या उत्पन्नाला कात्री लावली. त्याआधी २०२० चा हंगाम टाळेबंदीत वाहून गेला होता, तर एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती.

कॅमेरे, लेन्स, ड्रोन आणि संगणक यांवर घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र मुहूर्त पाहून येत नाहीत. मुद्रा योजनेतील कर्जाची कमाल मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पात, आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी, दहा लाखांवरून वीस लाख रुपये करण्यात आली. भांडवल मिळणे सोपे झाले. पण सात-आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे हप्ते भरायचे, हे गणित त्याने बदललेले नाही.

चातुर्मास सर्वांचा सारखा नसतो, हेही या ताळेबंदात धरले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे आणि त्यांच्या विवाहाला मुहूर्ताचे बंधन नाही. किनारपट्टीवरील कोकणी मुस्लिम कुटुंबांची लग्ने हिजरी कालगणनेनुसार ठरतात. ते वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान आणि मोहरम हे महिने ऋतूंमधून फिरत राहतात. त्यामुळे कित्येक वर्षी ऐन चातुर्मासात ही लग्ने होऊ शकतात. नोंदणी विवाहांना तर पंचांग लागतच नाही, आणि ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी काढीव मुहूर्त असतातच. गणपतीपुळ्याच्या छायाचित्रकाराची ओळख देवळामुळे आपोआप एका विशिष्ट ग्राहकवर्गाशी जोडली जाते. व्यवसायाची जाहिरातही त्याच वर्गापुरती राहिली तर पावसाळ्यातील उरलीसुरली मागणीही हातची जाते.

पैसा येतो, पण थांबतो का?

देशात लग्नांवर होणारा खर्च वाढतो आहे, यात शंका नाही. अखिल भारतीय व्यापारी महासंघाने २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या हंगामात सुमारे ३८ लाख लग्ने आणि ४.७४ लाख कोटी रुपयांची उलाढाल होईल असा अंदाज वर्तविला होता. २०२४ च्या त्याच हंगामासाठी तो ४८ लाख लग्ने आणि जवळपास सहा लाख कोटी रुपये असा होता. हे व्यापारी संघटनेचे अंदाज आहेत, ते शिरगणतीसारखे मानू नयेत; पण दिशा त्यातून कळते. परदेशात जाऊन लग्न करण्याऐवजी ते देशातच करावे, असे आवाहन पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ मधील 'मन की बात'मध्ये केल्यानंतर पर्यटनस्थळी होणाऱ्या लग्नांची चर्चा आणखी वाढली.

गणपतीपुळ्याकडे अशा लग्नासाठी लागणारे बरेच काही आहे. स्वयंभू गणपतीचे देऊळ, त्याला लागून समुद्र, पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि लहानमोठी हॉटेले एकाच ठिकाणी आहेत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने सुरू झाल्यापासून रत्नागिरी मुंबईच्या रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात आली, आणि रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे येणारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा किनारी रस्ता तर लग्नपूर्व चित्रीकरणासाठीच प्रसिद्ध झाला आहे.

मात्र लग्न गावात झाले म्हणजे त्यातील सगळी कामे गावाला मिळाली, असे होत नाही. शहरातील कुटुंब मांडवाचे, सजावटीचे आणि छायाचित्रणाचे काम एकाच आयोजकाकडे सोपविते. तो आयोजक आपल्या ओळखीचा चमू बरोबर आणतो. गावातील छायाचित्रकाराला फार तर दुसऱ्या कॅमेऱ्याचे किंवा ड्रोनचे दिवसाच्या मजुरीवरचे काम मिळते. त्याला किनाऱ्यावरच्या उजेडाची वेळ आणि भरती-ओहोटीचे गणित शहरातल्या पाहुण्यापेक्षा अधिक ठाऊक असते. पण ते त्याला ठाऊक आहे, हे ग्राहकाला ठाऊक नसते. त्याचे ज्ञान बाजारात पोहोचत नाही, ही या व्यवसायाची खरी अडचण आहे.

ग्राहकाचा हंगाम वेगळा

लग्न ठरल्यावर घरातील निर्णय साधारण एका क्रमाने होतात. साखरपुडा आणि मुहूर्त, मग कार्यालय, त्यानंतर जेवणाची व्यवस्था आणि मग छायाचित्रकार. मार्गशीर्षातील लग्नासाठी कार्यालय पाहायचे तर ते पावसातच पाहावे लागते. मे महिन्यातील चांगल्या तारखांची विचारणा गणपती ते दिवाळी या काळात सुरू होते. म्हणजे छायाचित्रकार ज्या महिन्यांत हातावर हात ठेवून बसतो, त्याच महिन्यांत त्याचा पुढचा ग्राहक फोनवर नावे शोधत असतो. काम नसताना जाहिरात कशासाठी, हा प्रश्न म्हणूनच उलटा आहे. हंगामात केलेली जाहिरात पाहणाऱ्याचा छायाचित्रकार बहुधा आधीच ठरलेला असतो.

कोकणाच्या बाबतीत यात आणखी एक भर आहे. भाद्रपदात चाकरमानी गावी येतो. जादा रेल्वेगाड्या, एसटीच्या जादा बसगाड्या आणि खासगी वाहने भरभरून कुटुंबे घरी पोहोचतात. वर्षातून एकदाच तीन पिढ्या एका छपराखाली येतात आणि आरतीनंतरच्या ओटीवरच्या गप्पांत स्थळांची बोलणीही होतात. मुंबईत ज्या ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीवर पैसे खर्च करावे लागतील, तो या आठवड्यात स्वतःहून दारी आलेला असतो.

गणपतीपुळ्याचे वैशिष्ट्य असे, की या गावात आणि लगतच्या काही गावांत घरोघरी गणेशमूर्ती आणण्याची प्रथा नाही. गावाचा गणपती एकच, तो देवळातला. भाद्रपद चतुर्थीला परिसरातील ग्रामस्थ देवळातच पूजेला जातात. त्यामुळे जिल्ह्यातील इतर छायाचित्रकार स्वतःच्या घरच्या गणपतीत गुंतलेले असताना येथील छायाचित्रकार तुलनेने मोकळा असतो. शेजारच्या गावांतील घरांत जाऊन जमलेल्या कुटुंबाचे एक चांगले एकत्रित छायाचित्र काढून द्यावे, माफक दरात किंवा ओळखीच्या घरी विनामूल्य, आणि छापील प्रतीमागे आपले नाव व क्रमांक द्यावा, एवढे साधे काम कित्येक महागड्या जाहिरातींपेक्षा जास्त टिकते. ते छायाचित्र मुंबईच्या खोलीत भिंतीवर लागते, आणि घरात लग्न निघाले की पहिले नाव तेच आठवते.

सवलतीचा सापळा

बिगरहंगामी जाहिरात म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, ती म्हणजे सवलत. पावसाळी सूट, लवकर नोंदणीवर इतके टक्के कमी, लग्नाबरोबर लग्नपूर्व चित्रीकरण मोफत, अशा पाट्या समाजमाध्यमांवर जुलैपासून झळकू लागतात. हॉटेलच्या खोलीला हे तत्त्व लागू पडते, कारण दर कमी झाला तर पर्यटक सहल पुढे-मागे करतो. छायाचित्रकार वीस टक्के स्वस्त झाला म्हणून कोणतेही कुटुंब मुलीच्या लग्नाची तारीख मार्गशीर्षातून श्रावणात आणत नाही. तारीख गुरुजी, कार्यालय आणि नातेवाइकांच्या रजा ठरवितात. त्यामुळे सवलतीने नवी मागणी निर्माण होत नाही. जे काम एरवी पूर्ण दराने मिळाले असते तेच कमी दराने मिळते.

उदाहरणादाखल असे समजू, की एका लग्नाचे पॅकेज पन्नास हजार रुपयांचे आहे आणि त्यातील तीस हजार साहाय्यक, प्रवास, संकलन आणि अल्बमच्या छपाईवर जातात. हातात उरतात वीस हजार. वीस टक्के सवलत दिली की दहा हजार गेले, म्हणजे उत्पन्न निम्म्यावर आले. तेवढीच कमाई करायला आता दुप्पट लग्ने हवीत, आणि हंगामातील चांगल्या तारखा तर मोजक्याच. सवलतीच्या स्पर्धेत गावातील एकाने दर पाडला की बाकीच्यांनाही तो पाडावा लागतो, आणि पुढच्या वर्षी ग्राहक बोलणी सुरू करतो ती त्याच पाडलेल्या दरापासून.

त्यापेक्षा दर कायम ठेवून ग्राहकाला दुसरे काही देता येते. तारीख राखून ठेवण्यासाठी लहान विसार आणि उरलेली रक्कम हप्त्यांत, ही सोय कुटुंबाला उपयोगी पडते आणि छायाचित्रकाराच्या हाती पावसात रोख पैसा येतो. ज्यांची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत आहे, त्यांना सेवांसाठी जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नाही. शहरातील मोठ्या संस्थांच्या बिलात मात्र अठरा टक्के कर चढतो. त्यांच्या चमूचा प्रवास आणि मुक्काम यांचाही भार ग्राहकावरच पडतो. स्थानिक छायाचित्रकार मुळातच स्वस्त पडतो. त्याने आणखी स्वस्त होण्याऐवजी हा फरक ग्राहकासमोर आकड्यांत मांडला, तर तो अधिक परिणामकारक ठरेल.

पडद्यावरचे काम आणि हक्काचा प्रश्न

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्सची सोय सुरू केली. तेव्हापासून लग्नाच्या छायाचित्रणाची जाहिरात प्रामुख्याने तीस-चाळीस सेकंदांच्या चित्रफितींवर आली. वधूचे आगमन, हळदीतील हशा आणि मावळतीची बोट ही दृश्ये आता सर्वत्र सारखीच दिसतात. ग्राहकाला त्यातून छायाचित्रकाराची शैली कळते. पण त्याच्या मनातील खरे प्रश्न वेगळे असतात. मे महिन्यात किनाऱ्यावर किती वाजेपर्यंत ऊन सोसवते? मुहूर्त दुपारचा असेल तर समुद्रावरची छायाचित्रे कधी काढायची? देवळाच्या परिसरात कोठे परवानगी लागते? वऱ्हाड रेल्वेने येणार असेल तर वेळेचे काय? कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक २०२५ पासून १५ जून ते २० ऑक्टोबर असे झाले आहे, एवढी साधी माहितीही बाहेरच्या कुटुंबाला मोलाची वाटते. अशा प्रश्नांची उत्तरे देणारे लिखाण आणि चित्रफिती करण्यास पावसाळ्यासारखा वेळ नाही, आणि ती उत्तरे स्थानिक माणसाइतकी चांगली कोणी देऊ शकत नाही.

येथे कायद्याची एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारी व्यक्ती असते. म्हणजे मे महिन्यात काढलेली लग्नाची छायाचित्रे ऑगस्टमध्ये स्वतःच्या जाहिरातीसाठी टाकण्याचा अधिकार छायाचित्रकाराला आपोआप मिळत नाही. त्यात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ची भर पडली असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद आहे. गावात सर्व व्यवहार तोंडी होतात. विसाराची पावतीही अनेकदा नसते. बिगरहंगामात जाहिरातीआधी करायचे पहिले काम म्हणजे मराठीत एका पानाचा करारनामा तयार करणे. त्यात कोणती छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरता येतील, कोणाची वापरायची नाहीत आणि पाहुण्यांतील लहान मुलांचे काय, हे स्पष्ट असावे. ज्या वधूने परवानगी दिली नाही तिचा चेहरा रीलमध्ये दिसला आणि तक्रार झाली, तर लहान गावात वर्षानुवर्षे कमावलेले नाव एका दिवसात जाऊ शकते.

पावसातील कामे

लग्ने थांबली तरी लग्नाभोवतीचे सण थांबत नाहीत, किंबहुना त्यांचा काळच हा आहे. गेल्या हंगामात ज्यांची लग्ने झाली त्या मुलींची पहिली मंगळागौर श्रावणातच येते. पहिला दिवाळसण चातुर्मासातच येतो. अधिक महिना आला तर लग्ने नसतात, पण धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान असतो. डोहाळेजेवण आणि बारसे यांना मुहूर्ताची तेवढी अडचण नसते. या प्रत्येक प्रसंगाचा ग्राहक छायाचित्रकाराच्या जुन्या वहीतच नोंदलेला असतो. नव्या लोकांमागे धावण्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांतील वधूवरांना मंगळागौरीआधी एक फोन करणे हे अधिक फलदायी आणि बिनखर्चाचे काम आहे. ज्याने लग्नात काम नीट केले त्याला घरात पुन्हा बोलावताना कोणी फारशी घासाघीस करीत नाही.

दुसरे काम जुन्या छायाचित्रांचे आहे. रत्नागिरीत पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत कपाटातील जुने अल्बम चिकटतात, त्यांना बुरशी लागते, व्हिडिओ कॅसेटच्या फिती खराब होतात. आजी-आजोबांच्या लग्नाची छायाचित्रे स्वच्छ करून संगणकावर उतरवून देणे हे घरात बसून होणारे काम आहे आणि घरोघरी त्याची गरज आहे. ज्या घरात हा जुना अल्बम नवा होऊन जातो, त्या घरातील नातीचे लग्न कोणाला मिळेल हे वेगळे सांगायला नको.

तिसरा भाग पर्यटकांचा. अंगारकीला आणि श्रावणात घाटमाथ्यावरून, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सातारा भागातून, कुटुंबे गणपतीपुळ्याला येतात. मोबाइलमुळे किनाऱ्यावर छायाचित्र काढून हातोहात प्रत देण्याचा धंदा जवळजवळ संपला, हे खरे. परंतु लग्नाचा वाढदिवस, साठी किंवा नवविवाहितांचे पहिले दर्शन यांसाठी तासाभराचे छायाचित्रण घेणारा ग्राहक मोबाइल असूनही मिळतो, फक्त अशी सोय गावात आहे हे त्याला मुक्कामाच्या जागी कळले पाहिजे. घरगुती निवासव्यवस्था आणि खाणावळी चालविणाऱ्यांना स्वतःच्या जागेची चांगली छायाचित्रे हवी असतात. ती पावसाळ्यात काढून द्यावीत आणि मोबदल्याचा काही भाग म्हणून आपली माहिती त्यांच्या पाहुण्यांपर्यंत पोहोचवावी, ही देवाणघेवाण दोघांच्याही सोयीची आहे.

लग्नपूर्व चित्रीकरण: संधी आणि मर्यादा

पावसाळी कोकणाचे हिरवेपण पाहून लग्नपूर्व चित्रीकरणाला बिगरहंगामातील मुख्य उत्पन्न मानण्याकडे कल वाढला आहे. पण त्यावर सगळी भिस्त ठेवणे दोन कारणांसाठी धोक्याचे आहे. पहिले कारण समुद्र. पावसाळ्यात हा किनारा शांत नसतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या काळात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर अचानक आत आलेल्या लाटांनी पर्यटकांची आणि दुकानदारांची त्रेधा उडविली होती. पाण्यात पाय सोडून बसलेल्या जोडप्याचे छायाचित्र सुंदर दिसते. परंतु जाहिरातीत तेच दृश्य वारंवार दाखविणे म्हणजे पुढच्या जोडप्याला त्याच जागी बसण्याचे आमंत्रण देणे होय. या महिन्यांत मालगुंडचे केशवसुत स्मारक, कौलारू घरे, भातखाचरे आणि पोफळीच्या बागा ही ठिकाणे संबंधितांच्या परवानगीने वापरता येतात आणि त्यात हा धोका नाही. ड्रोनच्या बाबतीतही नियम आहेत. २०२१ च्या नियमांनुसार अडीचशे ग्रॅमहून अधिक वजनाचा ड्रोन व्यवसायासाठी उडविणाऱ्याला प्रमाणपत्र लागते आणि हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे बंधनकारक आहे. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे आणि जयगडला मोठे बंदर आहे, हे येथील व्यावसायिकाने विसरून चालणार नाही.

दुसरे कारण सामाजिक आहे. लग्नावरील वाढत्या खर्चाविरुद्ध समाजात अस्वस्थता आहे. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंडा आणि बडेजाव यांवर राज्यभर चर्चा झाली आणि मराठा समाजाच्या बैठकांतून साध्या विवाहासाठी जी आचारसंहिता पुढे आली, तीत लग्नपूर्व चित्रीकरण टाळण्याचाही मुद्दा होता. त्याची अंमलबजावणी किती होईल हा भाग निराळा. पण घाटमाथ्यावरून येणाऱ्या ग्राहकाच्या घरात हा वाद चालू आहे, हे जाणूनच प्रसिद्धी करावी लागेल. साधे, कमी माणसांचे, देवळाजवळचे लग्न आणि त्याचे नेटके छायाचित्रण ही मांडणी अशा कुटुंबांना अधिक जवळची वाटू शकते. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणाला ती शोभतेही.

एकट्याचे काम नाही

वर सांगितलेली बरीच कामे एकट्या छायाचित्रकाराला झेपणारी नाहीत. लग्नस्थळे सुचविणारी संकेतस्थळे शहरनिहाय याद्या देतात. त्यांत गणपतीपुळ्यासारख्या गावाला स्वतंत्र जागा मिळणे कठीण. परिसरातील दहा-बारा व्यावसायिकांनी मिळून मराठी आणि इंग्रजीत एक समाईक यादी केली, किमान दर ठरविला आणि एकाच दिवशी दोन लग्ने आली तर काम एकमेकांकडे देण्याची पद्धत पाळली, तर बाहेरच्या आयोजकालाही गावातील चमू घेणे सोपे जाईल. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन नेमका बिगरहंगामात येतो. त्या निमित्ताने परिसरातील लग्नपरंपरांचे प्रदर्शन भरविले, तर पावसाळी पर्यटकांसमोर गावातील कलाकारांचे काम येईल. पर्यटन महामंडळ, देवस्थान आणि हॉटेलचालक यांनी त्याला जागा द्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही. लग्नाच्या पॅकेजमध्ये स्थानिक छायाचित्रकाराचा पर्याय ठेवण्याचे हॉटेलचालकांनी मनावर घेतले, तर त्याचा परिणाम कोणत्याही जाहिरातीपेक्षा लवकर दिसेल.

यांपैकी काहीही पंचांग बदलणार नाही. अधिक मास येत राहतील, गुरू-शुक्राचे अस्त होत राहतील आणि जूनमध्ये पाऊसही येईल. पण कोकणातील शेतकरी पेरणीची तयारी पाऊस पडल्यावर करीत नाही. कवळ तोडून भाजावळ तो आधीच उरकून ठेवतो. लग्न-छायाचित्रणाच्या व्यवसायाला हीच शिस्त लागेल. करारनामा, जुन्या ग्राहकांची वही, भाद्रपदातील घरभेटी आणि समाईक यादी ही चातुर्मासातील कामे आहेत. ती झाली नाहीत, तर कार्तिकी एकादशीनंतर गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मांडव पडतील, छायाचित्रेही निघतील, पण त्या मांडवात गावचा मुलगा दुसऱ्याचा ड्रोन सांभाळत उभा असेल. तो स्वतःच्या नावावर काम करतो की काही वर्षांनी तोही मुंबईची गाडी पकडतो, हे ठरण्याचे महिने पावसाचेच आहेत.